उरणमध्ये घर बांधताय की विकत घेताय? रंग लागण्याआधी हे तपासा

उरण : १२ जानेवारी २०२४ रोजी एकाच दिवशी अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि खारकोपरला थांबलेली लोकल उरणपर्यंत आली. तेव्हापासून तालुक्यात घरांच्या बांधकामाला जोर आला आहे. द्रोणागिरी, बोकडवीरा, चिर्ले, जासई पट्ट्यात इमारती उठतायत. गावांत जुनी कौलारू घरं पाडून स्लॅबची घरं उभी राहतायत. त्यासाठी पैसा कुठून येतो, हे उरणकरांना सांगायला नको. कुणाचा जमिनीचा मोबदला, कुणाची बंदरातल्या नोकरीची निवृत्तीची रक्कम, कुणाचा साडेबारा टक्क्यांतला प्लॉट. हा पैसा एकदाच हातात येतो.

घरातला दोष मात्र लगेच दिसत नाही. दिसतो दोन पावसाळे गेल्यावर, ठेकेदाराचं शेवटचं बिल चुकतं झालेलं असताना. उरणसारख्या ठिकाणी घर बिघडण्याची मोठी कारणं दोन: खालचा भराव आणि हवेतलं, पाण्यातलं, रेतीतलं मीठ. गिलावा आणि रंग झाला की दोन्ही झाकली जातात. त्यामुळे काय तपासायचं, याइतकंच कधी तपासायचं हेही महत्त्वाचं आहे.

इथं आधी काय होतं?

तालुक्याचा बराच भाग मुळात खाजण, मिठागरं आणि खारी भातशेती. द्रोणागिरी नोडही अशाच सखल जमिनीवर भराव टाकून उभा राहिला. खाली खाडीची मऊ चिकणमाती आणि वर मुरूम असला, की वजन पडल्यावर अशी जमीन वर्षानुवर्षं हळूहळू बसत राहते. सगळीकडे सारखी बसली तर घराला फार इजा होत नाही. एक कोपरा जास्त बसला, तर मात्र भिंतीतून विटांच्या सांध्यांमधून पायऱ्या-पायऱ्यांची तिरपी भेग जाते. ती कितीही वेळा लांबी भरून रंगवली तरी पुन्हा उघडते, कारण दुखणं भिंतीत नसून पायात असतं.

म्हणून प्लॉट किंवा फ्लॅट बघताना पहिला प्रश्न गावातल्या वयस्कर माणसाला विचारावा: इथं आधी काय होतं? शेत, तळं, मिठागर की नाला? माती परीक्षणाचा अहवाल नंतर येतो, पण हे उत्तर लगेच मिळतं आणि बहुतेक वेळा खरं असतं. स्वतःचं घर बांधणाऱ्याने माती परीक्षण टाळू नये. घराच्या एकूण खर्चात ती रक्कम किरकोळ असते. 'शेजाऱ्याने चार फूट खणलं, आपणही चार फूट खणू' हा हिशोब भरावाच्या जमिनीवर चालत नाही. डोंगराच्या पायथ्याशी तर हमखास असं होतं, की अर्ध्या घराचे पाये कातळावर बसतात आणि अर्ध्याचे भरावावर. कातळावरचं अर्धं जागेवर राहतं, दुसरं अर्धं खाली जातं.

जोत्यात टाकलेला भराव हाही एक दुर्लक्षित भाग. तो सहा ते आठ इंचांच्या थराने टाकून, पाणी मारून, धुम्मस करून बसवायचा असतो. प्रत्यक्षात एकाच दिवशी डंपर रिकामा होतो, त्यात पाडलेल्या घराचं डेब्रिजही जातं आणि आठवड्याभरात वर फरशी लागते. अशा घरात दीड-दोन वर्षांत लादी आणि स्कर्टिंग यांच्यामध्ये फट दिसू लागते. तयार घर बघायला गेल्यावर तळमजल्याच्या कोपऱ्यांत ही फट आहे का, ते आधी बघावं.

जोत्याची उंचीही आजच्या रस्त्यावरून ठरवू नये. रस्ता डांबराच्या प्रत्येक थरासोबत वर येतो. शिवाय भरावामुळे नाले बुजून गावात पाणी शिरल्याच्या तक्रारी तालुक्यात पावसाळ्यात होतच असतात. मागच्या मोठ्या पावसात किंवा उधाणाला पाणी कुठवर आलं होतं, याची खूण शेजारच्या भिंतीवर सापडते. जोतं त्या खुणेच्या वर असावं.

आणि वाळवी. यासाठी दूरचं उदाहरण नको. जेएनपीटी बंदरासाठी जुनं शेवा गाव उठलं, तेव्हा तिथल्या कोळी कुटुंबांचं पुनर्वसन बोरी पाखाडीजवळच्या हनुमान कोळीवाड्यात करण्यात आलं. तिथली घरं वाळवीने पोखरली. ती राहण्याजोगी उरली नाहीत म्हणून ग्रामस्थांना पुन्हा एकदा पुनर्वसन मागण्याची वेळ आली आणि त्या मागणीसाठी त्यांची कित्येक वर्षं गेली. जमीन बघून, औषध मारून मग घर बांधायचं, एवढी साधी गोष्ट राहिली की ती किती महाग पडते, हे तालुक्याने जवळून पाहिलेलं आहे.

वाळवीचं औषध पायाच्या चरांत आणि जोत्याच्या भरावावर, कोबा करण्याआधी मारायचं असतं. फरशी बसल्यावर मारायचं ठरवलं, तर भिंतीच्या कडेने भोकं पाडत जावं लागतं आणि परिणामही तेवढा मिळत नाही. भराव टाकताना सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, बांबू, लाकडाचा भुसा आत राहू देऊ नये. वाळवीला ते आमंत्रणच ठरतं.

मीठ सळईपर्यंत पोहोचतं कसं?

काँक्रीटच्या आत सळई गंजत नाही, कारण सिमेंटमुळे तिच्याभोवती एक संरक्षक थर तयार होतो. मीठ तिथवर पोहोचलं की तो थर तुटतो आणि गंज सुरू होतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतं. आत जागा नसल्याने ते काँक्रीटलाच फाडतं. आधी सळईच्या रेषेत बारीक सरळ भेग येते, मग तिच्यातून तपकिरी डाग उतरतो आणि शेवटी छताचा पोपडा खाली पडतो. करंजा, मोरा, केगाव, नागाव या किनाऱ्यालगतच्या गावांत जुन्या स्लॅबच्या घरांचे छज्जे वर मान करून बघितले, की हा सगळा प्रवास दिसतो.

मीठ बाहेरून वाऱ्यातून येतं, तसंच बांधकामाच्या वेळी आपल्याच हाताने आतही टाकलं जातं.

रेतीत शिंपल्यांचा चुरा दिसला तर ती खाडीची किंवा समुद्राची आहे, हे समजावं. धुतली नसेल तर ती परत पाठवावी. आता बहुतेक ठिकाणी दगडाचा चुरा म्हणजे क्रश सॅण्ड वापरतात. तिच्यात मीठ नसतं, पण धूळ जास्त असू शकते. त्यासाठी एक जुनी तपासणी आहे. काचेच्या ग्लासात अर्ध्यापर्यंत रेती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवायचं आणि दोन-तीन तास स्थिर ठेवायचं. रेतीवर बसलेला गाळाचा थर एकूण रेतीच्या आठ टक्क्यांहून जास्त दिसला, तर रेती धुवायला हवी. हा अंदाजच, पण साइटवर पुरतो.

पाण्याचंही तसंच. ज्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा चहा मचूळ लागतो, ते पाणी स्लॅबला नको आणि स्लॅबवर मारायलाही नको. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार सळई घातलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. प्रयोगशाळेतून एकदा पाणी तपासून घेतलं की पूर्ण बांधकामाची चिंता मिटते.

याच मानकाने काँक्रीट किती भक्कम हवं आणि सळईवर काँक्रीटचं आवरण किती हवं, हेही परिस्थितीनुसार ठरवून दिलं आहे. किनाऱ्याच्या हवेत उघडं राहणाऱ्या भागासाठी एम-३० काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर कव्हर. खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेल्या भागासाठी एम-२५ आणि ३० मिलिमीटर; कॉलम असेल तर तरीही ४० मिलिमीटरच्या खाली नाही. ठेकेदार ज्या एक-दीड-तीनच्या घमेल्याच्या हिशोबाने काम करतो, तो फार तर एम-२० चा हिशोब आहे. म्हणजे दर्याच्या बाजूचा छज्जा किंवा गच्चीचा कठडा घमेल्याच्या हिशोबाने भरला, तर तो पहिल्या दिवसापासूनच कमी पडतो. एम-३० साठी मिक्स डिझाइन करून घ्यावं लागतं किंवा प्लांटमधून तयार काँक्रीट मागवावं लागतं.

कव्हर मिळतं कव्हर ब्लॉकने. साइटवर मात्र सळईखाली खडीचा तुकडा नाहीतर फुटकी लादी सरकवतात. माणसं चालली की ती निसटते आणि सळई थेट फळीवर टेकते. सेंट्रिंग उतरल्यावर छतात सळईच्या रेषा उमटलेल्या दिसल्या, तर कव्हर नाही हे नक्की. अशा वेळी मिस्त्री 'गिलाव्यात जाईल' म्हणतो. गिलावा हे कव्हर नव्हे.

गावातल्या घरांची आणखी एक खास सवय आहे. मुलगा पुढे वरचा मजला बांधेल, म्हणून गच्चीवर कॉलमच्या सळ्या हात-दोन हात वर सोडलेल्या असतात. खाऱ्या वाऱ्यात त्या दहा-दहा वर्षं उघड्या राहतात. मग एक दिवस खरोखरच वरचा मजला काढायचा ठरतो आणि खाऊन बारीक झालेल्या त्याच सळ्यांना नवा कॉलम जोडला जातो. सळ्या सोडायच्याच असतील तर त्यांच्याभोवती कच्च्या काँक्रीटचा ठोकळा भरून ठेवावा. वरचा मजला चढवण्याआधी तो फोडून सळईची जाडी मोजावी. गंज सळईवरून खाली कॉलमात उतरला असेल, तर इंजिनिअरला बोलावल्याशिवाय वीट चढवू नये.

स्लॅबच्या दिवशी जेवणावळीपेक्षा साइटवर थांबा

सळई आली की गाडीवरून उतरतानाच एक नग वजन करून बघावा. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८८ किलो भरते, म्हणजे १२ मीटरचा नग साधारण १०.६६ किलो. १० मिलिमीटरचा नग ७.४ किलो, ८ मिलिमीटरचा पावणेपाच किलोच्या आसपास. १२ आणि १६ मिलिमीटरला मानकात पाच टक्के कमी-जास्त चालतं, बारीक सळईला सात. त्याहून हलकी निघाली, तर ती नावाला १२ मिलिमीटर आहे. सिमेंटच्या गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोण स्लॅबला घेऊ नये. आपल्याकडच्या दमट हवेत जमिनीवर थेट रचलेली नवी गोणही गोळे धरते.

स्लॅब भरताना सर्वात मोठा घोळ पाण्याचा. माल पातळ असला की तो पसरायला सोपा जातो, म्हणून मिक्सरवरचा माणूस बादली ओतत राहतो. खाऱ्या हवेतल्या काँक्रीटसाठी ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटरपर्यंतच पाणी धरलेलं असतं आणि त्यात ओल्या रेतीतलं पाणीही आलं. जास्त झालेलं पाणी उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. मीठ त्याच वाटेने आत शिरतं. याउलट व्हायब्रेटर नीट फिरला नाही, तर कॉलमच्या पायथ्याशी खडीची जाळी दिसते. ती सिमेंटच्या पाण्याने पुसून लपवण्याआधी फोटो काढावा आणि इंजिनिअरला दाखवावी.

क्यूब भरले का, हे त्याच दिवशी विचारायचं. १५ सेंटिमीटरचे हे ठोकळे २८ दिवसांनी प्रयोगशाळेत फोडले, की काँक्रीटची ताकद आकड्यात कळते. नंतर हे करता येत नाही. मग राहतात हातोडा मशिनची चाचणी आणि कोअर कापणं.

साध्या सिमेंटला सात दिवस सतत ओल हवी, फ्लाय अॅश किंवा स्लॅग असलेल्या सिमेंटला दहा ते चौदा दिवस. खाऱ्या जागेसाठी स्लॅगचं सिमेंट चांगलं, पण त्याला धीर लागतो. बीमखालचे टेकू सहा मीटरच्या गाळ्यापर्यंत किमान १४ दिवस हलवू नयेत, त्याहून मोठ्याला २१ दिवस. सेंट्रिंगवाल्याला सामान दुसरीकडे न्यायचं असतं, म्हणून तो दहाव्या दिवशी दारात उभा राहतो. त्याची अडचण खरी आहे, पण घर आपलं आहे.

तयार फ्लॅट बघायचा तर जुलैत

मे महिन्यात नव्या रंगाच्या वासात सगळे फ्लॅट सारखेच दिसतात. शक्य असेल तर जोराच्या पावसात, नैऋत्येचा वारा असताना दुसरी फेरी मारावी. ओल बहुतेक वेळा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून, एसीच्या भोकातून किंवा वरच्या मजल्याच्या मोरीतून येते. आपल्या बाथरूमची गळती आपल्याला दिसत नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्या माणसाला विनंती करून त्याच्या बाथरूमचं छत बघावं. सर्वात वरचा फ्लॅट असेल तर गच्ची चढून बघावी. पाणी पन्हाळीकडे जातंय की मधेच साचतंय, ते पावसात लपत नाही.

भिंतीवर पांढरी पूड, म्हणजे लोणा फुटला असेल, तर खारं पाणी भिंतीतून प्रवास करतंय. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच असेल तर ओल जोत्यातून वर चढते आहे. नुसता तेवढाच पट्टा ताज्या रंगाचा दिसला, तरी तोच अर्थ घ्यावा.

नाणं घेऊन लाद्या आणि गिलावा ठोकत जावं. भरीव आणि डबडब आवाजातला फरक कानाला लगेच कळतो. अंधारात टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारला, की खड्डे-उंचवटे आणि बुजवलेल्या भेगा उठून दिसतात. मोरीत बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातंय का बघावं. सोबत एखादा ओळखीचा गवंडी ओळंबा घेऊन आला, तर तासाभरात बरंच कळतं.

प्रत्येक भेगेला घाबरायचं कारण नाही. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा असतील, तर तो गिलावा घाईत वाळला एवढंच. बीम आणि विटांच्या सांध्यातली आडवी बारीक भेगही दोन वेगळ्या वस्तू एकत्र आल्याने येते. काळजीच्या भेगा वेगळ्या: कॉलममध्ये उभी, बीममध्ये तिरपी, दार-खिडकीच्या कोपऱ्यातून सुटून रुंद होत गेलेली किंवा भिंतीच्या आरपार गेलेली. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. महिन्या-दोन महिन्यांत भेग खुणेपलीकडे गेली, तर ती चालू आहे.

आणि फ्लॅटइतकाच वेळ पार्किंगमध्ये घालवावा. तिथले कॉलम कुणी सजवत नाही. महाडमध्ये, आपल्याच जिल्ह्यात, २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा जीव गेला. ती काही शंभर वर्षांची चाळ नव्हती, जेमतेम दहाएक वर्षांची होती. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागारासह नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. इमारत नवी आहे एवढ्यावर विसंबता येत नाही.

दोष सापडला तर?

रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर तो ३० दिवसांत, एक रुपयाही न घेता दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. नाही केला तर भरपाई मागता येते. 'नजरेस आणून देणं' म्हणजे फोनवर बोलणं किंवा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर राग काढणं नव्हे. तारखेसह फोटो, दोषांची यादी आणि रजिस्टर पोस्टाने पत्र. पोचपावती जपून ठेवावी. मुदतीचा वाद झाला तर तीच कामाला येते. महारेराकडे तक्रारीचं शुल्क पाच हजार रुपये आहे.

उरणमध्ये अडचण इथेच येते. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला महारेरा नोंदणीची सक्ती नाही. गावठाणातल्या आणि साडेबारा टक्क्यांच्या छोट्या प्लॉटवरच्या अनेक इमारती त्यामुळे नोंदणीबाहेर राहतात. 'रेराची गरजच नाही' असं विक्रेता अभिमानाने सांगतो, तेव्हा ते खरंही असू शकतं. पण घेणाऱ्याचं एक संरक्षण कमी झालं, असा त्याचा अर्थ. तिथं १९६३ चा महाराष्ट्राचा मालकी सदनिका कायदा उरतो, ज्यात दोषाची मुदत तीन वर्षं आहे, आणि अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग, जिथे तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागायचंच. गरजेपोटी बांधलेल्या घरांत हे कागद बहुधा नसतात, त्यामुळे तिथं फ्लॅट घेणाऱ्याने कागदाच्या जागी फक्त स्वतःचे डोळे आहेत, हे धरूनच भाव ठरवावा.

प्लॉट बिल्डरला देऊन बदल्यात फ्लॅट घेणाऱ्या प्रकल्पग्रस्तांनी एक गोष्ट विशेष तपासावी. हिस्सा घेणाऱ्या जमीनमालकाची नोंद महारेराकडे 'जमीनमालक प्रवर्तक' अशी होऊ शकते. उद्या दुसऱ्या मजल्यावरचा खरेदीदार गळतीची तक्रार घेऊन आला, तर नोटिशीवर जमीनमालकाचंही नाव असू शकतं. म्हणून दोषाची जबाबदारी बिल्डरची आहे, हे विकास करारात स्पष्ट लिहून घ्यावं, आणि क्यूबचे अहवाल, आरसीसी नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र यांच्या प्रती ताब्याच्या वेळी मिळतील, हेही.

ज्यांनी गावातच ठेकेदाराला चौरस फुटाच्या भावाने काम दिलंय, त्यांच्याकडे रेरा नाही. पण शेवटचा हप्ता हातात असतो. स्टॅम्पपेपरवरच्या करारात एवढं एक वाक्य घालून घ्यावं: एकूण रकमेचे पाच ते दहा टक्के पहिला पावसाळा पूर्ण गेल्यावर, गळती आणि भेगा बघून दिले जातील. बरेच ठेकेदार कुरकुरतात. चांगलं काम करणारा थोडी घासाघीस करून मान्य करतो, आणि ऑक्टोबरात पैसे न्यायला येतो तेव्हा सोबत गवंडीही आणतो.